मुनेश्वर मॅडमचे श्रोते

आमच्या व्हिडिओ कॉन्फरन्सिंग हॉलमध्ये एखादी खुर्ची रिकामी दिसली, की मुनेश्वर मॅडम बाहेर जाऊन माणूस धरून आणायच्या. धरून म्हणजे खरोखर दंडाला धरून. माणूस कुठलाही चालायचा. विषयाची आवड, शिक्षण, वेळ यातलं काहीही त्या विचारायच्या नाहीत. दोन डोळे आणि एक मान असली की झालं.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं, आणि त्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. मी मूळचा वाईचा. संख्याशास्त्राचा सहायक प्राध्यापक म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या या विद्यापीठ परिसरात माझी नेमणूक झाली. रुजू व्हायला म्हणून आलो, कार्यालय शोधत व्हरांड्यातून चाललो होतो, तेवढ्यात जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक ठेंगण्या बाई समोर आल्या.

"मोकळे हा का तुम्ही?"

"नाही, म्हणजे, मी आजच रुजू व्हायला..."

"मंग मोकळेच हा. चला."

पुढच्या मिनिटाला मी एका गार हॉलमध्ये मऊ खुर्चीत बसलो होतो. डाव्या बाजूला वसतिगृहाच्या मेसमधल्या सुलोचनाबाई, हाताला अजून कणीक. उजव्या बाजूला बागेचे माळी किसनभाऊ, पायाला चिखल. समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर दूरच्या कुठल्याशा किनाऱ्यावरचे एक गृहस्थ इंग्रजीतून शिंपल्यांच्या रोगांवर बोलत होते. आमच्या जिल्ह्यातून समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. मी चक्रावून इकडंतिकडं पाहत होतो. मागून कानाशी आवाज आला, "मान हालवा."

मी मान हलवली. नोकरीतलं माझं पहिलं काम ते.

व्याख्यान संपल्यावर मॅडम माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "चांगली हालवता. पण जरा घाईत हालवता. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्या."

मुनेश्वर मॅडम भौतिकशास्त्राच्या सहयोगी प्राध्यापक. राहणाऱ्या मूळच्या बाभुळगावच्या. वडील शिक्षक होते. मॅडमनी लग्न केलं नाही. एक भाऊ राजूरला कोळसा खाणीत, एक बहीण पुसदला दिलेली, दोघांचंही शिक्षण मॅडमनीच केलं. वर्गात त्या पुस्तकातल्यासारखं नेटकं मराठी आणि इंग्रजी बोलायच्या. वर्गाचं दार ओलांडलं की पाऊल पडायच्या आत वऱ्हाडी सुरू. बुद्धपौर्णिमेला परिसरातल्या प्रत्येकाला त्यांच्या हातची खीर मिळायची, आणि ती उभ्याउभ्या पिऊन चालत नसे. बसून, पूर्ण वाटी.

हॉलचा कारभार त्यांच्याकडे कसा आला, याचं उत्तर सरळ आहे. दुसऱ्या कोणाला तो नको होता. हॉल बांधला तेव्हा त्याची मोठी शान होती. भला मोठा पडदा, रिमोटनं मान वळवणारा कॅमेरा, टेबलावर हंसासारखे मान वाकवून उभे असलेले माईक, मागं खुर्च्यांच्या रांगा. मग टाळेबंदी आली, जो तो घरातून मोबाईलवर मीटिंगा करायला शिकला, आणि त्यानंतर हॉलकडं फिरकायचं कोणाला कारणच उरलं नाही. मुख्यालयाच्या अधिकृत बैठका आणि बाहेरच्या पाहुण्यांची व्याख्यानं तेवढी तिथं व्हायची. यंत्रं चालवणाऱ्या ऑपरेटरची जागा रिकामी होती. ती भरेपर्यंत यंत्रांकडं लक्ष द्यायचं काम नव्या माणसावर, म्हणजे माझ्यावर आलं. जागा अजून भरलेली नाही.

त्यामुळे मॅडमचे सगळे पराक्रम मला पहिल्या रांगेतून बघायला मिळाले.

कॅमेऱ्याला धूळ लागू नये म्हणून त्यांनी त्याला हिरव्या लोकरीची टोपी विणली होती. बैठक सुरू व्हायच्या आधी त्या टोपी काढायच्या, पदराच्या टोकानं भिंग पुसायच्या. पलीकडची माणसं आधीच जोडलेली असली, तर त्यांना पडदाभर मॅडमचा पदर आणि मग पडदाभर मॅडमचा डोळा दिसायचा. पलीकडून एकदा कोणीतरी घाबरून "अरे बापरे" म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं आहे.

मग त्या विचारायच्या, "दिसून राह्यलं का? ऐकू येऊन राह्यलं का? जेवण झालं का?" हे तीन प्रश्न ठरलेले. पहिल्या दोनांचं उत्तर 'हो' आलं तरी तिसऱ्याचं आल्याशिवाय बैठक पुढं सरकत नसे. एकदा जपानमधले एक शास्त्रज्ञ बोलणार होते. मी मनात म्हटलं, आज तरी हे टळेल. मॅडम पुढं वाकल्या आणि माईकमध्ये म्हणाल्या, "हॅव यू टेकन युअर फूड, सर?" ते गृहस्थ गोंधळले. मग बाजूला वळले आणि एक अर्धा खाल्लेला वाडगा उचलून त्यांनी कॅमेऱ्यापुढं धरला. मॅडमनी तो नीट पाहिला. "फिनिश इट," म्हणाल्या. तो माणूस बिचारा खाऊ लागला. तो खातोय आणि आम्ही सगळे टक लावून बघतोय, असा काही वेळ गेला. मला खुर्चीखाली शिरावंसं वाटत होतं. किसनभाऊ शांतपणे मान हलवत होते.

मान हलवण्याचं मॅडमनी रीतसर शिक्षण दिलं होतं. "झोप आल्यासारखी नाई, पटल्यासारखी. सगळ्यांनी एकदम नाई, नाई तर कवायत वाटते. सुलोचनाबाई, तुम्ही मंधामंधात जरा हसा." सुलोचनाबाई म्हणायच्या, "मॅडम, थो कायच्यावर बोलून राह्यला थे समजल्याबिगर हसू कशी?" त्यावर मॅडम म्हणायच्या, "थो हसला का तुम्ही हसा."

उन्हाळ्यात श्रोत्यांची कमतरता पडायची नाही. परिसरात धड चालणारा एसी तेवढा त्या हॉलमध्येच होता. मे महिन्यात सुरक्षारक्षक, टपाल घेऊन आलेला माणूस, प्रवेशाची चौकशी करायला आलेले पालक, सगळे आपण होऊन यायचे. एकदा मी मॅडमना म्हटलं, "अहो, ही माणसं गारव्यासाठी येतात."

"मले काय माहीत नाई का?" त्या म्हणाल्या. "गारव्यासाठी आली तरी चेहरा तर दिसते ना समोरच्याले."

एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्तीची मुलाखत होती. समिती दिल्लीत, पोरगा आमच्या हॉलमध्ये. मुलाखत म्हणजे एकट्यानं द्यायची गोष्ट, हे मी मॅडमना आदल्या दिवशी समजावलं होतं, आणि त्यांनी "हाव, हाव" म्हटलंही होतं. मी यंत्र सुरू केलं, पडद्याच्या कोपऱ्यातलं आमचं चित्र पाहिलं आणि माझ्या हातातला रिमोट पडला. पोराच्या मागं तीन रांगा गच्च भरलेल्या. त्यानं काही उत्तर दिलं की तिन्ही रांगा माना हलवत होत्या. समितीचे अध्यक्ष बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी विचारलं, ही माणसं कोण. मॅडम बाजूनं चित्रात शिरल्या. "सर, हे त्याचे लोकं होत," त्या म्हणाल्या आणि परत बाहेर गेल्या. पोराला शिष्यवृत्ती मिळाली. पोरगा हुशारच होता, पण मॅडमनी श्रेय तिसऱ्या रांगेला दिलं.

असं सगळं चाललं होतं. मग ती आढावा बैठक आली.

मुख्यालयातून आमच्या परिसर संचालकांची झाडाझडती होणार होती. प्रवेश कमी झाले, इमारतीची कामं रखडली, असे विषय. बैठक गोपनीय. संचालक साहेब नागपूरहून परस्पर येणार होते, त्यांना वाटेत उशीर झाला. धापा टाकत आले, थेट पुढच्या टेबलाशी बसले. बैठक सुरू झालेली होती. मागं वळून बघायला त्यांना सवडच मिळाली नाही. मी यंत्राशी बसलो होतो, आणि मागच्या रांगा मला स्पष्ट दिसत होत्या. मी मॅडमना खुणेनं विचारलं, हे काय? त्यांनी मलाच खुणेनं सांगितलं, समोर बघा.

पलीकडून साहेबांची खरडपट्टी सुरू झाली. वसतिगृहाचं जेवण वाईट आहे अशा तक्रारी येतात, असं पलीकडचे अधिकारी म्हणाले. मागच्या रांगेत सुलोचनाबाईंनी मान हलवली, आणि पलीकडचा माणूस किंचित हसला म्हणून त्याही हसल्या. सुरक्षारक्षक जागेवर नसतात. दोन्ही सुरक्षारक्षकांनी मान हलवली. दरवर्षी वृक्षारोपण होतं आणि एक झाड जगत नाही. किसनभाऊंनी तर डोळे मिटून, फार दिवसांचं दुखणं कोणीतरी ओळखल्यासारखी मान हलवली.

पलीकडचे अधिकारी थांबले. म्हणाले, "संचालक साहेब, तुम्ही काहीही म्हणा, पण तुमच्या लोकांना हे मान्य दिसतंय."

"कोणाला?" म्हणून साहेब मागं वळले.

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. खुर्चीतून उठायला गेले ते माईकच्या वायरीत अडकले. आपल्या माळ्यासमोर, आपल्या स्वयंपाकिणीसमोर, आपल्या रखवालदारांसमोर अर्धा तास आपण बोलणी खातोय, हे त्यांच्या लक्षात यायला काही क्षण लागले. हॉलमध्ये कोणी हललं नाही. किसनभाऊ तेवढे हळूच म्हणाले, "साहेब, पाण्याचं मी तुमाले सांगतलंच होतं."

झाडांना दुसऱ्या आठवड्यापासून टँकर यायला लागला, हे खरं. पण मॅडमविरुद्ध साहेबांची तक्रारही गेली. गोपनीयतेचा भंग. चौकशी समिती नेमली गेली. समिती मुख्यालयातूनच, व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर, मॅडमचं म्हणणं ऐकून घेणार होती. सूचना स्पष्ट होती: सुनावणीच्या वेळी हॉलमध्ये यंत्र चालवणाऱ्याशिवाय दुसरं कोणीही असू नये.

आरोप सिद्ध झाला तर मॅडमची पुढची पदोन्नती जाणार, हॉल तर जाणारच, असं सगळे बोलत होते. मॅडम नेहमीसारख्या तासाला जात-येत होत्या. मी विचारलं, "उत्तर काय देणार?" तर म्हणाल्या, "खरं हाये थे सांगीन. दुसरं काय?"

सुनावणीच्या दिवशी त्या कडक इस्त्रीची निळी साडी नेसून आल्या. दारात त्यांनी एकदा आत पाहिलं. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. एसीचा आवाज इतका मोठा येतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी कॅमेऱ्याची टोपी काढली, भिंग पुसलं नाही, आणि टेबलाशी जाऊन बसल्या. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की इतक्या महिन्यांत मी या बाईंना कॅमेऱ्यासमोर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या कायम बाजूला, नाही तर मागं. त्यांनी साडीच्या निऱ्या दोनदा सारख्या केल्या. मी दुसरीकडं बघितलं.

पडद्यावर तीन माणसं आली. मॅडमनी जेवणाचं विचारलं नाही. मधले अध्यक्ष वयस्कर होते, आवाजानं कोरडे. म्हणाले, "मॅडम, गोपनीय बैठकीत तुम्ही बाहेरची माणसं बसवलीत. आणि ही पहिली वेळ नाही असं कळतं. असं का करता?"

"सर, सांगते," मॅडम म्हणाल्या.

त्या वर्गातल्या मराठीत बोलू लागल्या. "टाळेबंदीत मी क्वार्टरमधून शिकवत होते. त्याच्या थोडं आधी माझे वडील गेले होते. पडद्यावर मुलांची फक्त नावं दिसायची. काळे चौकोन आणि नावं. एक दिवस प्रकाशाचं वक्रीभवन शिकवलं. त्या दिवशी तास फार छान जमला होता, सर. पाण्याच्या ग्लासात पेन्सिल ठेवून दाखवली. एक गंमतही सांगितली."

इथं त्या थांबल्या. टेबलावरचा माईक त्यांनी उगाच सरळ केला. पुढचं त्या बोलल्या ते वेगळ्याच आवाजात.

"शेवटी म्हणलं, समजलं का रे बाप्पा हो? कोणी बोलेच ना. म्हणलं, रुसले का काय. नावं घेऊन घेऊन विचारलं. मंग पाह्यलं, तं नेट कवाच गेलतं. सुरुवातीलेच गेलतं. मी आपली पडदाभर आकृती लावून बसलती, मले दिसलंच नाई. पुरा तास मी कोणालेच शिकवला नाई, सर."

त्या जराशा हसल्या.

"बाबा गेल्यावर घरात दुसरं माणूस नव्हतं. बाहेर जाणं नव्हतं. दिवसभरात थो एकच तास मी बोलत होती. आन् थो बी कोणी ऐकला नाई. कोणाची चूक नाई त्याच्यात. पण तवापासून मले कोणी एकटं पडद्यापुढं बोलून राह्यलेलं पाह्यवत नाई. मले वाटते, याले कोणी सांगन का, आम्ही हाओ म्हणून? म्हणून बसवते मी लोकं. गोपनीय हाये थे माहीत होतं. साहेबाले एकट्याले बोलणी खाव लागन, थे बरं नाई वाटलं मले."

मी त्यांच्याकडंच बघत होतो. साहेबांसाठी, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. ज्यांनी तक्रार केली त्यांनाच सोबत म्हणून यांनी तिन्ही रांगा भरल्या होत्या.

"सर?" मॅडम म्हणाल्या.

पलीकडून उत्तर नाही.

मी पडद्याकडं पाहिलं. अध्यक्षांचा हात चष्म्यापाशी अधांतरी होता. त्यांच्या उजवीकडच्या बाई अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी थिजल्या होत्या. माझ्या समोरच्या यंत्रावर छोटं चाक गोल गोल फिरत होतं, आणि वर लिहिलं होतं, संपर्क तुटला आहे.

मी दोनदा बटण दाबून पाहिलं.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, लिंक गेली आहे."

"कवा गेली?"

खोटं सांगावं असं वाटलं, पण त्यांच्या चष्म्यातून त्या माझ्याकडं अशा बघत होत्या की ते जमेना. यंत्रावर वेळ दिसतच होती. "तुम्ही 'सर, सांगते' म्हणालात ना," मी म्हटलं, "त्याच्यानंतर लगेच."

त्या खुर्चीत मागं टेकल्या. मला वाटलं रडतील. त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. बराच वेळ पुसत होत्या.

"तुम्ही ऐकलं ना?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं."

"सगळं?"

"सगळं."

"मंग झालं तं."

तेवढ्यात पडदा हलला, अध्यक्ष चष्मा हातात घेऊन बसलेले दिसले आणि त्यांचा आवाज आला. "माफ करा मॅडम, इकडं वीज गेली होती. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."

मी यंत्रामागून खुणावत होतो, सांगा, सांगा. मॅडमनी माझ्याकडं बघून बारीकशी नकाराची मान केली. मग सरळ बसल्या आणि वर्गातल्या मराठीत म्हणाल्या, "सर, माझी चूक झाली. बैठकीचं स्वरूप लक्षात घ्यायला हवं होतं. पुन्हा असं होणार नाही."

"एवढंच?"

"एवढंच, सर."

समितीनं मॅडमना ताकीद दिली. पदोन्नती वाचली. हॉल त्यांच्याकडंच राहिला, कारण तो दुसऱ्या कोणाला अजूनही नको होता. पण आतल्या माणसांची नावं आधी कळवायची, असा नियम झाला.

त्या दिवशी समितीचा निरोप घेऊन मी यंत्र बंद केलं आणि त्यांना विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"एकदा सांगून झालं," त्या कॅमेऱ्याला टोपी घालत म्हणाल्या. "थे काय घडीघडी सांगाची गोठ हाये का, सर?"

दोघं पायऱ्या उतरलो. खाली किसनभाऊ झाडांना पाणी घालत होते, त्यांनी नुसतं "काय मॅडम?" विचारलं आणि मॅडम नुसतं "काई नाई" म्हणाल्या. फाटकापाशी आल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, रविवारी दुपारी आमच्याकडं जेवायला या. आई आलीय वाईहून. तिला इथं कोणाची ओळख नाही."

"त्याह्यले माहं बोलणं समजन का?"

"या तर खरं."

रविवारी त्या आल्या. पिशवीतून घरच्या बोरांचं लोणचं आणलं होतं. जेवणं झाली. माझ्या बायकोनं आवराआवर केली, मी वर्तमानपत्र वाचून संपवलं, चहा झाला, दुसरा चहा झाला, तरी आई आणि मॅडम सतरंजीवर समोरासमोर बसलेल्याच. मॅडम बोलत होत्या. बाभुळगावची शाळा, भावाचं पहिलं खाणीतलं काम, वडिलांचा दमा, बहिणीचं पुसदचं लग्न, कुठल्या तरी लहानपणीच्या बैलाची गोष्ट. आई मधूनमधून हसत होती, एकदा तिनं पदर डोळ्यांना लावला. मी दारातून बघून परत आत गेलो.

ऊन उतरल्यावर मॅडम गेल्या. आईनं सतरंजी झटकून घडी घातली आणि म्हणाली, "फार बोलतात बाई. मला निम्मं कळलंच नाही."

"मग एवढा वेळ काय करत होतीस?"

"ऐकत होते की," आई म्हणाली. "पुढच्या रविवारी बोलावलंय मी त्यांना. वांगी आणून ठेव."